आईसाठी व्हायब्रेशन प्लेट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: आई ८१ वर्षांची. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. दिवाळीनंतर मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून जिना उतरायची भीती बसलीय. दर संकष्टीला तळ्यातल्या गणपतीला जायची, तेही बंद झालं. वर्षभरात वजन ५१ वरून ४६ किलोवर आलं. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं, आणि गेल्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ओळखीच्या एकांनी व्हायब्रेशन प्लेट, म्हणजे वर उभं राहायचं थरथरणारं यंत्र, सुचवली. ‘रोज दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, तासाभराचा व्यायाम होतो, हाडंही भरतात’ असं ते म्हणतात. घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि पाच किलो वजन का उतरलं ते अजून कळलेलं नाही. या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत आईंना कुठल्याही व्हायब्रेशन प्लेटवर उभं करू नका. त्यानंतरही घरात यंत्र आणण्याआधी कुणाच्या तरी देखरेखीखाली महिना-दोन महिने वापरून बघा.

पण म्हणून हे यंत्र म्हणजे थोतांड, असंही मी म्हणणार नाही. वयस्कर मंडळींना फिजिओथेरपी देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. आमच्याकडे अशी प्लेट आहे आणि काही ठरावीक माणसांना मी तिच्यावर आवर्जून उभं करते. कुणाला, कशासाठी आणि किती वेळ, ते सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं बोलू, कारण घरोघरी हीच गोष्ट ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून दिली जाते. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली वार्धक्यातला अशक्तपणा ओळखायच्या पाच खुणा मांडल्या. ठरवलेलं नसताना वर्षभरात साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त जुळल्या तर माणूस खऱ्या अर्थाने नाजूक अवस्थेत आहे असं धरतात. अशा माणसाला साधा ताप आला, दोन दिवस अंथरुणात गेले, तरी पुन्हा उभं राहायला महिना लागतो. तुमच्या चार ओळींवरूनच आईंच्या दोन खुणा दिसतात. या पाचांत नसली तरी पायांची ताकदही घरीच तपासता येईल. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते बघा, तुम्ही शेजारी उभ्या राहून. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषांत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागणं ही कमकुवत पायांची खूण मानली आहे. हात न टेकता उठताच आलं नाही, तर तेही उत्तरच आहे.

वजन घटण्यामागे थायरॉइड असू शकतं, आटोक्याबाहेर गेलेली साखर असू शकते, हिरड्यांवर नीट न बसणारी कवळी असू शकते, पडल्यापासून आलेली उदासी असू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या भूक मारतात. क्षयरोग किंवा कर्करोगासारखं एखादं मोठं दुखणंही आत दडलेलं असू शकतं. त्यामुळे आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनना हा आकडा स्पष्ट सांगा: ‘वर्षात पाच किलो.’ आई स्वतः सांगणार नाहीत. तपासायला गेल्यावर ‘बरी आहे हो मी’ म्हणणारी ही पिढी आहे.

आता यंत्राकडे वळते. प्लेट चालू झाली की पायाखालचा भाग सेकंदाला बारा ते चाळीस वेळा अगदी थोडा वर-खाली होतो. दर वेळी पोटरीचे आणि मांडीचे स्नायू किंचित ताणले जातात, त्या ताणाची खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच उलट हुकूम येऊन स्नायू आखडतो. त्यासाठी माणसाला मनाने जोर लावावा लागत नाही. या यंत्राचा खरा गुण तो हाच. ज्यांना तिसऱ्या उठाबशीला धाप लागते, त्यांच्या पायांना एका मिनिटात बरंच काम मिळतं आणि हृदयावर फार ताण येत नाही. मात्र गुडघे ताठ ठेवून नुसतं उभं राहिलं तर स्नायूंना मिळणारं काम घटतं आणि तोच हादरा सरळ वर कंबर, मान आणि डोक्यापर्यंत पोचतो. म्हणून ‘नुसतं उभं राहायचं’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. एकात सगळी प्लेट दोन्ही पायांखाली एकदम वर-खाली होते. दुसऱ्यात प्लेट मधल्या आसावर सी-सॉसारखी डुलते, म्हणजे डावा पाय वर तेव्हा उजवा खाली. जर्मनीची गॅलिलिओ यंत्रं या दुसऱ्या प्रकारातली. डुलणाऱ्या प्लेटवर कंबर थोडी इकडे-तिकडे झुकते आणि हादरा बराचसा तिथेच जिरतो, डोक्यापर्यंत कमी जातो. शिवाय पाय जवळ ठेवले तर हादरा लहान आणि लांब ठेवले तर मोठा, अशी सोय मिळते. म्हाताऱ्या माणसांसाठी मी हाच प्रकार पसंत करते.

हादऱ्याचं गणितही समजून घ्या, कारण विक्रेते ते कधी सांगत नाहीत. प्लेट मधल्या जागेपासून एक मिलिमीटर वर आणि एक मिलिमीटर खाली जात असेल आणि सेकंदाला १२ कंप असतील, तर हादऱ्याचा कमाल जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.६ पट असतो. तेच कंप २४ केले की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सुमारे २.३ पट. ३० कंपांना तो ३.६ पटींवर जातो. ऑनलाइन काही हजारांत मिळणाऱ्या प्लेट्सवर ‘लेव्हल १ ते ९९’ असं लिहिलेलं असतं. त्या लेव्हलचे कंप किती आणि प्लेट हलते किती, हे माहितीपत्रकात बहुधा सापडत नाही. ज्या औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली नाही ते औषध आपण आईला देत नाही. इथेही तोच नियम लावावा असं मला मनापासून वाटतं.

‘हाडं भरतात’ हा दावा आला कुठून तेही सांगते. २००१ साली अमेरिकेतल्या क्लिंटन रुबिन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंढ्यांना वर्षभर, आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटं अगदी हलक्या कंपावर उभं केलं. ३० कंप आणि जोर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त ०.३ पट. त्यांच्या मांडीच्या हाडातल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी जास्त भरली. निकाल थक्क करणारा होता आणि आशा वाटणं साहजिक होतं. मग माणसांवर नीट चाचण्या झाल्या. टोरांटोत रजोनिवृत्ती झालेल्या २०२ स्त्रियांनी वर्षभर रोज २० मिनिटं अशा प्लेटवर उभं राहायचं ठरलं. २०११ मध्ये निकाल आला: हाडांच्या घनतेत फरक नाही. बोस्टनजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतींमध्ये १७४ जणांची चाचणी झाली. सरासरी वय ब्याऐंशीच्या घरात, म्हणजे अगदी तुमच्या आईंच्या वयाची माणसं. दोन वर्षं, रोज दहा मिनिटं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल तोच: हाडांना फायदा दिसला नाही.

जास्त जोराच्या प्लेटवर, उठाबशांसह व्यायाम केलेल्या तुलनेने तरुण स्त्रियांच्या खुब्याच्या हाडात थोडी सुधारणा नोंदलेली आहे. पण तो जोर ठिसूळ मणक्याच्या ८१ वर्षांच्या बाईंना द्यायचा नसतो. तेव्हा हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हेच चालू ठेवायचं. प्लेट आणली म्हणून हाडांची गोळी किंवा इंजेक्शन थांबवलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांना परत औषधावर आणताना घरच्यांशी बराच वाद घालावा लागतो. तुम्ही असं करू नका.

‘हे अंतराळवीरांचं तंत्र’ असंही विक्रेते तुम्हाला ऐकवतील. वजनरहित अवस्थेत हाडं आणि स्नायू झिजतात हे खरं आहे. पण आज अंतराळ स्थानकात अंतराळवीर त्यासाठी रोज सुमारे दोन तास ट्रेडमिल, सायकल आणि वजन उचलण्यासारखा जोर द्यायला लावणाऱ्या यंत्रावर घाम गाळतात.

पायांचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच मला या यंत्रात रस आहे. बेल्जियममधल्या एका वृद्धनिवासातल्या ४२ जणांवरचा अभ्यास २००५ साली आला. सगळ्यांना नेहमीची फिजिओथेरपी होती. निम्म्यांना त्यावर आठवड्यातून तीनदा, एकेक मिनिटाच्या चार फेऱ्या प्लेटवर दिल्या. सहा आठवड्यांत त्या निम्म्यांचा तोल आणि खुर्चीतून उठून चालण्याचा वेग इतरांपेक्षा चांगलाच सुधारला. २०१४ साली चीनमधून ४४ जणांचा अभ्यास आला. ही सगळी अशक्तपणाच्या निकषात बसणारी, सरासरी पंच्याऐंशी वर्षांची माणसं. आठ आठवडे, हळूहळू वाढवत नेलेले कंप, मिनिटा-मिनिटाच्या चार-पाच फेऱ्या. उठणं, चालणं, तोल आणि मांडीची ताकद, सगळं नेहमीचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलं आणि त्रास कुणाला झाला नाही. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ७१० स्त्रियांची चाचणी यांत सर्वांत मोठी. दीड वर्षात प्लेट वापरणाऱ्या गटात १८.६ टक्के स्त्रियांना पडणं किंवा हाड मोडणं सोसावं लागलं, न वापरणाऱ्या गटात २८.७ टक्क्यांना. हाडांच्या घनतेत मात्र तिथेही फरक नव्हता. म्हणजे जो काही फायदा झाला तो पायांमुळे आणि तोलामुळे.

दुसरी बाजूही आहे. बेल्जियममध्येच २०१३ साली वृद्धनिवासातल्या ६२ जणांना तीन महिने फक्त पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाच फेऱ्या दिल्या, तर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्लेटच्या अभ्यासांत माणसं थोडी असतात, यंत्रं आणि मात्रा वेगवेगळ्या असतात, आणि ज्या गटाशी तुलना करतात तो पुष्कळदा फारसा जोराचा व्यायाम करत नसतो. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून माझं मत असं बनलं आहे: जो चालता-फिरता आहे आणि साध्या उठाबशा काढू शकतो, त्याला प्लेटची गरज नाही. ज्याला व्यायाम सुरूच करता येत नाही इतके पाय गेलेत, त्याला पहिले दोन महिने तिचा आधार होतो. पुढे ताकद वाढवायचं काम व्यायामच करतो.

तो आधार कसा द्यायचा हे एका उदाहरणाने सांगते. कर्वेनगरच्या एक आजी गेल्या पावसाळ्यात मुलाच्या हाताला धरून आल्या. वय चौऱ्याऐंशी. खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागायचे आणि दोनदा प्रयत्न करावा लागायचा. आधी बसून आणि मग उभं करून बीपी घेतलं. उभं राहिल्यावर ते फार उतरत असेल तर मी प्लेट चालूच करत नाही, औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे परत पाठवते. मग चपला काढून दोन्ही तळवे बघितले, भेग किंवा जखम आहे का, स्पर्श कळतो का. मधुमेहात तळव्यांची जाणीव गेलेली असली तर जखम होऊनही माणसाला कळत नाही. लुगड्याचा घोळ घोट्याच्या वर खोचून घ्यायला लावला, कारण काठ पायाखाली आला तर उतरताना तिथेच पाय अडकतो.

प्लेट बंद असतानाच त्यांना वर उभं केलं. पाय खांद्यांपेक्षा बरेच जवळ, गुडघे किंचित वाकलेले, भार टाचांवर नाही, चवड्यांकडे. हात कठड्यावर, पण घट्ट आवळलेले नाहीत. कठडा आवळला की हादरा हातांतून खांद्यात शिरतो. मग बारा कंपांवर तीस सेकंद. त्या वेळात माझा एक हात त्यांच्या कमरेमागे होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा मी अलगद डोक्यावर ठेवला होता. डोकं थरथरतंय असं तळव्याला लागलं की गुडघे अजून वाकवायला सांगायचे. आजींनी भीतीने पाय ताठ केले तशी थरथर लगेच माझ्या हाताला कळली, आणि ‘खाली बसायला निघालात तशा राहा’ म्हटल्यावर थांबली. पंधराव्या सेकंदाला त्या म्हणाल्या, ‘अगं, नाक खाजतंय, मांड्यापण खाजतायत.’ हे पुष्कळांना होतं. त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, पाय थोडे लालसर होतात, काही मिनिटांत जातं. घाबरायचं कारण नसतं, पण आधी सांगून ठेवावं. मग खुर्चीत एक मिनिट विश्रांती. अशा तीन फेऱ्या, म्हणजे प्रत्यक्ष कंप दीड मिनिट. पहिल्या दिवशी बस्स तेवढंच.

त्यानंतर लगेच, पाय अजून जागे असतानाच, खुर्चीतून उठायचा सराव घेतला. खुर्चीवर जाडशी उशी टाकली, बसण्याची उंची वाढली, उठणं सोपं झालं. चार वेळा उठल्या. प्लेटचा उपयोग मी या पुढच्या पाच मिनिटांसाठी करते. दोन-तीन आठवड्यांत फेरी एक मिनिटाची होते, फेऱ्या पाच होतात, कंप हळूहळू अठरा-वीसपर्यंत जातात. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. सलग दहा मिनिटं मी कुणालाही उभं करत नाही.

आता कुणाला अजिबात उभं करायचं नाही ते सांगते, आणि यात तुमच्या आई येतात. मोतीबिंदू काढून बसवलेली भिंगं प्लेटच्या वापरानंतर जागेवरून सरकल्याच्या आणि डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. थोड्याच आहेत, पण डोळा एकदा गेला की गेला. त्यातून मधुमेहाने पडदा आधीच नाजूक झालेला असू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांनी पडदा तपासून ‘हरकत नाही’ असं लिहून दिल्याशिवाय मी पुढे जात नाही. तोंडी ‘चालेल’ पुरत नाही, कारण बहुतेकदा घरच्यांनी त्यांना ‘व्यायाम चालेल का’ एवढंच विचारलेलं असतं.

दुसरं, मणके. हाडं ठिसूळ असणाऱ्यांच्या मणक्याचे दबलेले फ्रॅक्चर पुष्कळदा कळतच नाहीत. उंची कमी झालीय का, पाठीला बाक आलाय का, मोरीत पडल्यानंतर पाठ दुखत होती का, हे आठवून बघा. शंका असेल तर पाठीचा एक्स-रे आधी. ताजं फ्रॅक्चर असेल तर प्लेट नाही. याखेरीज पित्ताशयात किंवा मूत्रपिंडात खडे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पेसमेकर, अपस्मार, नुकतीच झालेली खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, पायावर न भरलेली जखम, यांतलं काहीही असेल तर नाही. कूस बदलताना गरगरण्याचा त्रास कधी होऊन गेला असेल तर तो कंपाने उलटू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि तुमच्या बाबतीत एक साधी अडचण सगळ्यांत आधी येते. देखरेखीखालची प्लेट गाठायची तर आईंना दोन मजले उतरायचे आणि परत चढायचे आहेत. पेठेतल्या जुन्या इमारतींचे जिने अंधारे, पायऱ्या उंच, एकाच बाजूला कठडा. खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेणं-आणणं आठवड्यातून तीनदा झेपत नाही. म्हणून पहिला महिना-दीड महिना घरीच काम करावं लागेल, आणि ते प्लेटशिवाय होतं. तेवढ्यात डोळाही सावरेल आणि वजनाच्या तपासण्याही होतील.

घरी फिजिओथेरपिस्टना बोलवा. त्यांनी सुचवायचा गाभा साधारण असा असतो. हातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, बसायच्या जागी घट्ट उशी. सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच वेळा उठून बसायचं, बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. जिना उतरताना मांडीचे जे स्नायू शरीर सावरून धरतात, तेच हळू बसण्यात तयार होतात. आठवड्याने उशी पातळ करायची, पुढे काढून टाकायची. स्वयंपाकघरातला ओटा धरून चवड्यांवर उभं राहणं, मग टाचांवर. ओट्याच्या कडेने आडवी पावलं. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे सरळ रेषेत ठेवून दहा सेकंद उभं राहणं. डोळ्याच्या डॉक्टरांनी वाकायला आणि जोर करायला परवानगी दिल्यानंतरच हे सुरू करायचं, आणि श्वास रोखून काहीही करायचं नाही.

या वयात ताकद येते का, असं मला रोज विचारतात. येते. बोस्टनमध्ये मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या १०० अशक्त माणसांना, सरासरी वय ८७, दहा आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले. १९९४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. काहींना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं, त्यांना ताकदीचा फायदा झाला नाही. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की आधी डबा आणतात, पावडरचा. व्यायामाशिवाय तो वाया जातो.

पण व्यायामासोबत प्रथिनं हवीतच. या वयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आईंना रोज साधारण ४६ ते ५५ ग्रॅम. मूत्रपिंडं अधू असतील तर आकडा बदलतो, मधुमेहात ती तपासणी आधी बघावी. आता हिशेब करा: पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा. आमच्या पेठांतल्या आज्यांचं जेवण म्हणजे मऊ भात, पातळ वरण, फळभाजी आणि ताक. रात्री चहा-खारी. ते वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुढे क्वचितच जातं. संकष्टीला दिवसभर साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, खिचडीत जी येतात ती दाण्याच्या कुटाची. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, पण उपासालाही दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्याची आमटी चालते, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं ठेवणं अजिबात चालत नाही. कवळी लागत असेल तर आधी दंतवैद्य. चावता येत नसलेल्या माणसाला उसळ खा म्हणण्यात अर्थ नाही.

मोरीत दोन ठिकाणी स्टीलचे कठडे बसवा, भिंतीत पक्के ठोकून. रबराच्या चोषकाने चिकटणारे नकोत. रात्री पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवा चालू ठेवा. झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि दुसऱ्याही डोळ्यात मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन लांबवू नका.

दीड महिन्याने आई कठडा धरून, एक माणूस पुढे एक पायरी खाली उभा ठेवून, मजला उतरायला लागल्या की मग प्लेटचा विचार करा. तेव्हाही त्यांची उठण्याची ताकद अडकलेली असेल तरच. सुरुवातीला तीन मापं लिहून ठेवा: पाच वेळा उठायला लागलेले सेकंद, चार मीटर चालायला लागलेले सेकंद, आणि एक पाऊल पुढे ठेवून किती वेळ तोल राहतो. आठ आठवड्यांनी तीच मापं परत घ्या. आकडे हलले नसतील तर प्लेट बंद करा आणि तो वेळ व जाण्या-येण्याचा खर्च घरच्या व्यायामात घाला. हलले असतील तरी बहुतेकांना पुढे प्लेट लागत नाही.

एवढं होऊनही घरी घ्यायचीच ठरली, तर चार गोष्टी विचारा. कंप सेकंदाला किती ते आकड्यात लिहिलंय का आणि ते बारापर्यंत खाली आणता येतात का? प्लेट किती मिलिमीटर हलते? कमरेच्या उंचीचा, यंत्राला पक्का जोडलेला कठडा आहे का? ती डुलणारी आहे की सरळ वर-खाली होणारी? कठडा नसलेली, हातात धरायला रबरी पट्टे दिलेली प्लेट तोल गेलेल्या माणसाच्या घरात येऊच नये. आणि यंत्र कुठलंही असो, आईंनी त्यावर एकटीने कधीच चढायचं नाही. घरच्या प्लेट्सवरून माणसं पडतात ती बहुतेकदा चढता-उतरताना.

डोकेदुखी, दृष्टी धूसर होणं, डोळ्यापुढे ठिपके किंवा चमक दिसणं, पाठीत अचानक कळ, पोटरीला सूज, यांपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या भेटीआधी डेक्साचा अहवाल, सगळ्या गोळ्यांची यादी आणि नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी तयार ठेवा. आई घरात रोज घालतात त्या सपाताही दाखवा. त्यांचे तळ गुळगुळीत झाले असतील तर त्या बदलण्यापासूनच काम सुरू करावं लागेल.